कुलूप लावणारा की उघडणारा

बुधवार, ९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे गुडघे सोडून, दात सोडून आणि डावा कान सोडून जे काही उरतं ते ठणठणीत आहे. तू कसा आहेस ते विचारत नाही, पेपरातला फोटो दाखवला मला सगळ्यांनी. बक्षीस छान आहे. गळ्यातला मफलर मात्र कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटतो. तुला आता जग 'सर' म्हणतं म्हणे. मी धाकट्याच म्हणणार.

पत्र सूनबाई लिहिते आहे. ती औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं आणि तिचं अक्षर इतरांना वाचता येतं. असं माणूस घरात असणं हे भाग्यच. मी बोलेन तसं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलंय. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि ठेवून देतोस. पत्राला मध्येच ठेवून दिलंस तरी ते तुझ्याकडे बघत बसतं.

तर झालं असं. तुझ्या प्रकाशकाकडची ती चष्मेवाली मुलगी मागच्या आठवड्यात इथे आली. बोलते फार गोड. "आजी, सरांच्या सगळ्या चित्रकथांचा मोठा ग्रंथ काढतोय. पण त्यांची पहिली मालिका कुठेच मिळत नाही. ते साप्ताहिक बंद पडून जमाना झाला, ग्रंथालयात शोधलं तर अर्धे अंक उंदरांनी वाचलेत."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "सगळी आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

पोरगी कप बाजूला ठेवून उभीच राहिली. तिला तिथल्या तिथे उचलून न्यायचे होते अंक. मी म्हटलं, आधी चहा संपव, आणि पुढच्या शुक्रवारी ये. ह्यांच्या हातची वस्तू मी अशी उभ्याउभ्या कुणाला देत नाही.

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. "ताई, ते तिला देऊ नकोस. फार कच्चं काम आहे, लाज वाटते मला. रद्दीत घाल, आणि विचारलं तर वाळवी लागली म्हणून सांग." इतक्या वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस. मागितलंस ते काय, तर वाळवी!

आता तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. झाकण दिसलं की मला उघडावंसं वाटतं. ज्या माणसाच्या पुस्तकांसाठी लोक रांगा लावतात तो आपलीच पहिली चित्रकथा रद्दीत घालायला का निघाला? कच्चं तर सगळ्यांचंच असतं सुरुवातीला. माझी पहिली पोळी आठवते ना तुला? तूच खिडकीला लावून उन्हाचा आडोसा केला होतास.

शिवाय ती गोष्ट मला पाठ आहे. तुला वाटत असेल, ताई अक्षरशत्रू, तिला काय कळणार चित्रांवरच्या फुग्यांमधले शब्द. अरे, दर आठवड्याला हे मला वाचून दाखवायचे! दुपारी अंक यायचा, हे तो आधी आपल्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात स्वतः वाचायचे आणि संध्याकाळी दुकान बंद करून आत आले की मी भाजी चिरत बसायची आणि हे एकेका चित्रावर बोट ठेवून वाचायचे. एक शहर असतं, तिथली सगळी दारं एका रात्रीत बंद होतात, माणसं आत अडकतात. मग एक टकला, छत्रीवाला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला कुलूपवाला एकेक दार उघडत जातो. आणि एक चपळ पोरगा त्याच्या पुढेमागे धावत, खोड्या काढत, त्याला वाटा दाखवत असतो. टक्कल, छत्री, दोऱ्यानं कानाला बांधलेला चष्मा. बघताक्षणी ओळखलं मी, हे तर आपलेच! घर सोडून गेलास खरा, पण भावोजींना नायक केलंस, म्हणून मी गल्लीभर मिरवलं. पोरांना, नातवंडांना हीच गोष्ट सांगून झोपवलं.

तर सूनबाईला म्हटलं, काढ ते अंक आणि वाच. बघूया त्यात वाळवीच्या लायकीचं काय आहे.

तिनं पहिलं पान उघडलं. चित्र तेच, कुलूपवाला दाराशी उभा, किल्ली भोकात. सूनबाई वाचते, "हा हा हा! आता या घरातून कुणी बाहेर पडणार नाही!"

मी म्हटलं, "नीट वाच गं."

"नीटच वाचतेय, आई."

"तिथं असं आहे, की 'घाबरू नका, आलो मी, आता सगळे बाहेर पडाल.'"

"आई, इथे 'हा हा हा' आहे. तीन वेळा. आणि पुढे उद्गारचिन्ह."

मी तिला दुसरं चित्र वाचायला लावलं, तिसरं लावलं. मग तिनं पान खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या आधी कळलं होतं.

धाकट्या, चित्रात एक गंमत असते बघ. किल्ली भोकात दिसते, पण कुठल्या बाजूला फिरतेय ते दिसत नाही. तो दार लावतोय की उघडतोय, ते फुगा सांगतो. आणि आमच्या घरी फुगा काय म्हणतो ते ह्यांच्या हातात होतं.

मग आम्ही सगळे अंक वाचले, रोज दुपारी थोडे थोडे. तुझा कुलूपवाला काय काय बोलतो! 'गोष्टी लिहून पोट भरत नाही, पोरा.' 'कागद आत, तू बाहेर, परीक्षा झाली की बघू.' शब्द न् शब्द ह्यांचा. तू परीक्षेचा अभ्यास करावास म्हणून ह्यांनी तुझ्या मागच्या खोलीला कुलूप घातलं, तुझे कागद आत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तू निघून गेलास. ते कुलूप घालायला नको होतं. हे मी ह्यांना तेव्हाही सांगितलं होतं. पण तू एका खोलीच्या कुलपापायी अख्ख्या शहराला टाळं ठोकलंस की रे, आणि किल्ल्या ह्यांच्या कमरेला!

आता आठवतं, तेव्हा एक लांबुडका माणूस किल्ली करून घ्यायला आला होता. कुलूप आणलं नव्हतं, जुनी किल्लीही नव्हती, नुसता बसून ह्यांच्या डोक्याकडे बघत होता. पहिला अंक वाचल्यावर हे म्हणाले, "तो किल्लीला आलाच नव्हता. डोक्याचं माप घ्यायला आला होता. धाकट्याचा चित्रकार तो." आणि हसले. मीही हसले. मला वाटलं, नायक झाल्याच्या आनंदात हसतायत.

दोन दिवस मी ह्यांच्या फोटोकडे पाठ करून जेवले. सूनबाई म्हणते, हे नको लिहायला. लिही गं. तिसऱ्या दिवशी मात्र मला दुसरंच कुतूहल वाटायला लागलं. ह्यांनी जमवलं कसं असेल? चित्रं तर तीच ठेवायची, आणि गोष्ट अख्खी उलटी फिरवायची! मग आम्ही दोघी शोधायलाच बसलो. एका चित्रात पोरगा कुलूपवाल्याच्या हाताला कडकडून चावतो. हे मला काय सांगायचे माहितेय? 'पोराच्या दातात काटा अडकलाय, तो काढतायत.' एका ठिकाणी कुलूपवाला पोराला पोत्यात कोंबतो. तर म्हणे, 'थंडी फार, पांघरूण घालतायत.' एकदा पोरगा त्याच्या डोक्यावर घडा फोडतो, तिथे हे जरा अडखळले होते, मला आठवतं. मग म्हणाले, 'मधमाश्या बसल्या होत्या.' सूनबाई एवढी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मी विचारलं होतं तेव्हा, की अहो, माश्या दिसत नाहीत कुठे. तर म्हणाले, "चित्रकाराला बारीक काढता येत नसतील."

म्हणजे आमच्या घरात लेखक दोन होते. एकालाच मफलर मिळाला.

ते का करायचे, हे मी त्यांना विचारू शकत नाही आता. पण मला वाटतं, मला भाऊ आणि नवरा यांतलं एक निवडायला लागू नये म्हणून असेल. मी घरात होते, तू बाहेर होतास. फुग्यातलं मला कळलं असतं तर मी तुझं नाव टाकलं असतं. ते त्यांना नको होतं.

हे गेले तेव्हा तुझी मोठी फुलं आली होती. फुलांना बसायला खुर्ची लागत नाही, चहा विचारावा लागत नाही, फार सोयीची. मी तेव्हा काही बोलले नाही आणि आजही बोलत नाही. फक्त तू का आला नाहीस ते आता कळलं. तुला वाटत होतं, हा माणूस मनात ते सगळं घेऊन गेला, आणि त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघायचं कसं.

आता शेवटचा अंक ऐक. सूनबाई तो वाचायला लागली आणि मी पुढचं बोलत गेले. ती वाचायच्या आधी मी बोलत होते, आणि ती मान डोलवत होती. 'आई, हेच आहे,' म्हणाली. 'अक्षर न् अक्षर हेच आहे.' पोरगा शहर सोडून निघालाय. कुलूपवाला मान खाली घालून कानस चालवतोय, वर बघत नाही. आणि म्हणतो, 'निघालास तर नीघ. पण जेवून जा.'

त्या दिवशी मी आत स्वयंपाकघरात होते. ताट वाढलेलं होतं. हे दुकानातून असंच म्हणाले होते, असंच मान खाली घालून, आणि तू थांबला नाहीस. ते तू ऐकलं होतंस, हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, तो अंक येईपर्यंत. तो एकच अंक ह्यांनी मला होता तसा वाचून दाखवला. काही बदलावं लागलं नाही. मग म्हणाले, "पुन्हा वाचतो," आणि पुन्हा वाचला, आणि मग चष्मा पुसत बसले. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं.

म्हणून सांगते, वाळवी बिळवी काही लागलेली नाही. ज्याची टिंगल केलीस त्यानं पैसे मोजून प्रत्येक अंक घेतला आणि जपला. त्याला लाज वाटली नाही, तुला वाटायचं कारण नाही. शुक्रवारी ती मुलगी येईल आणि अंक घेऊन जाईल. मी परवानगी मागत नाहीये.

पण तुझ्या ग्रंथात येईल ती तुझी गोष्ट. ह्यांची कुठेच छापलेली नाही, ती फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि परवा मी साखरेच्या डब्यात मीठ शोधत होते. सूनबाई म्हणते, सांगा, मी उतरवून घेते. मी तिला नको म्हटलं. ती तू उतरवून घ्यायचीस. इथे, दुकानाच्या फळीवर बसून, मी सांगेन ते, काटा आणि मधमाश्यांसकट. पत्र नातवाच्या हाती पाठवतेय, तेव्हा शुक्रवारच्या आत ये, म्हणजे चित्रं समोर असतील. एकही शब्द सुधारायचा नाही.

खलनायकाच्या घरून,
तुझी ताई