नळीडोळ्याच्या डोक्यात

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार (मान अजून वाकत नाही, तेव्हा अर्धा आत्ता आणि उरलेला भेटल्यावर). तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. मी ठीक आहे. दोन्ही कान जागेवर आहेत.

झालं असं, की आमच्या संग्रहालयाने खोल समुद्राचं दालन काढलं आणि नळीडोळ्या नावाचा मासा घडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरा मासा वीतभर, पण आमचा म्हशीएवढा हवा होता. राहतो कुठे, तर ऊन जेमतेम झिरपतं अशा शेकडो मीटर खोलीवर. डोकं काचेसारखं आरपार, आत दोन हिरव्या नळ्या, तेच डोळे. पंख पसरून जागच्या जागी थांबायचं आणि वरून कोण जातंय ते बघायचं, एवढाच त्याचा उद्योग. तोंडावर डोळ्यांसारख्या दिसतात त्या नाकपुड्या. (मी त्यांना पापण्या लावल्या होत्या. देखण्या झाल्या होत्या गं.) उद्घाटनाच्या सकाळी मत्स्यशास्त्राच्या बाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाकाला पापण्या छान शोभतात."

मग काय, पापण्या उपटल्या, पोटाच्या झडपेतून आत शिरलो, मानेच्या कड्यातून डोकं प्लास्टिकच्या घुमटात घातलं आणि खऱ्या डोळ्यांच्या राहून गेलेल्या नळ्या चिकटवल्या. जाताना कान मुकाट्याने दुमडले होते. निघताना आडवे आले. ओढून पाहिलं, वळून पाहिलं, आणि तेवढ्यात शाळेची मुलं दालनात! आता नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. पण बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलांनो, आज मासा स्वतः उत्तरं देणार आहे."

काय खातोस, या प्रश्नाला मी खरं ते सांगितलं: जेलीफिशच्या दोऱ्यांत अडकलेला घास पळवतो, आणि त्यांचा डंख डोळ्यांना लागू नये म्हणून बहुधा हे झाकण. मग एका चिमुरडीने विचारलं, "तुला खाली एकटं नाही वाटत?" हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हटलं, "वाटतं गं. पण वर बघत राहिलं, की कुणी ना कुणी जाताना दिसतं." तिने हात हलवला. दारातून वळून पुन्हा हलवला. ताई, घुमट आतून धुरकटला.

शेवटी सुताराने साबण लावून मला सोडवलं. नोकरी शाबूत आहे. उलट प्रमुख इतके खूश, की बोलका मासा आता दर रविवारी.

तुझा,
धाकटा

ता. क. भाओजी निवृत्त झाल्यापासून हातपाय पसरून छताकडे बघत पडतात आणि मधूनच दुसऱ्याच्या ताटातलं उचलतात, अशी तुझी तक्रार होती ना? रविवारपुरते त्यांना मला दे.

पुन्हा ता. क. त्यांच्या डोक्याचा घेर कानांसकट दोरीने मोजून पाठव. विचारलंच तर सांग, टोपी शिवायची आहे. त्यांचा होकार मी कालच प्रमुखांना कळवलाय.