विलायतेचा मुराळी

॥ श्री वीतरागाय नमः ॥

आजरा,
ता. १८ जानेवारी १९९८

ती. आईस,
अभिनंदनचा सा. न. वि. वि.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. काल बावड्याहून गुंडू आला होता. तुझ्या म्हशींचं सगळं तोच बघतो, त्यामुळं तुझ्या पोटातलं त्याला माझ्याआधी कळतं. आईंचा पासपोर्ट आला, मार्चमध्ये आदितीताईंकडं इंग्लंडला निघाल्या, असं त्यानं भर कारखान्यात बायकांसमोर सांगितलं. काजू सोलायचे हात थांबले सगळ्यांचे.

आई, तू बासष्ट वर्षांची आहेस. मलकापूरच्या पलीकडं कधी एकटी गेलेली नाहीस. आणि जायचं ते कुणाकडं? आदिती तिकडं शिकायला गेली आणि दवाखान्यात बरोबर काम करणाऱ्या त्या ओवेनशी दोन वर्षांपूर्वी लग्न करून मोकळी झाली. मला एका शब्दानं विचारलं नाही. त्याच वर्षी बाबा गेले. ती बावड्याच्या घराचा उंबरा चढणार नाही असं मी तेव्हाच सांगितलं होतं, आणि तो शब्द अजून तसाच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे मलाही कळतं. पण माहेर तिनं ठेवलंय कुठं?

तेव्हा स्पष्ट लिहितो. बाबांच्या ठेवीवर माझी सही लागते, ती मी करणार नाही. बाळंतिणीच्या लाडवांना पाच किलो काजू मागितलेस, तेही देणार नाही. पोत्यांनी पडलेत, पण त्या घराला नाहीत. शिवाय कांदा-लसणाशिवायचं, दिवस मावळायच्या आत तुला तिथं वाढणार कोण? त्या देशात कपभर चहाला सत्तर रुपये पडतात म्हणे. आठ दिवसांत रडत येशील.

तुझ्या रागाचा धनी, तरी तुझाच,
अभिनंदन


कसबा बावडा,
ता. २५ जानेवारी १९९८

चि. अभिनंदन यास आईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. लिहिलंस ते बरं केलंस. फोन तू आपटतोस, पत्र आपटता येत न्हाय.

मलकापूरच्या पलीकडं गेले न्हाय, हे खरं हाय. कुणी न्हेलं न्हाय म्हणून गेले न्हाय. तुझी सही तुझ्याजवळच ठेव. अकरा वर्षं दोन म्हशींचं दूध माझ्या नावानं संस्थेत घालते. दर दहा दिवसांचं बिल, त्यातनं पेंड-वैरण जाऊन जे उरलं ते मी कुणाला दाखवलं न्हाय. तुझ्या बाबांनासुद्धा न्हाय. माझं जायचं-यायचं तिकीट त्यातनं काढलंय आणि वर सहाशे पौंड हुतील एवढं हाय. ह्यात तुझा एक काजू न्हाय.

आता मुद्द्याचं. मला माहेरी न्यायला माझा भाऊ चिकोडीहून गाडी जुंपून यायचा. मुराळी दारात आला की माझ्या सासूचंसुद्धा काही चालायचं न्हाय. एकदा पुरानं वाट बंद झाली, भावानं मला घेऊन निपाणीला दोन दिवस मुक्काम केला, पण माझ्या सासरचा एक आणा खर्ची पडू दिला न्हाय. सासरच्या पैशानं माहेरी आलेली लेक पाव्हणी हुते, म्हणायचा. लेक आणायचा खर्च माहेराचा, ही आपली रीत हाय.

आदितीचा मुराळी तू. तू जात न्हाईस, मग मी जाते. लेकीला माहेरी यायची बंदी केलीस व्हय? तर माहेर उठून लेकीकडं जाईल, तिचं बाळंतपण करील आणि परत येताना तिला न् तिच्या लेकराला घेऊन येईल. ट्रॅव्हल्सवाल्या हंबीररावांनी कागदावर मांडून दिलंय, त्या दोघांच्या तिकिटाला पाचशे पौंड लागतात. म्हंजे विलायतेत पाच महिने मला शंभर पौंडांत काढायचेत. काढून दाखवते.

आणि उंबऱ्याचं म्हणशील, तर घर माझ्या नावावर हाय. उंबरा त्याच घराचा हाय.

आशीर्वाद तुझ्या वागण्याकडं बघून देत न्हाय, म्हणून देते.
आई


कार्डिफ,
ता. २९ मार्च १९९८

चि. अभिनंदन यास अ. उ. आ.

सुखरूप पोचले. आठ दिवसांत रडत येशील म्हणाला हुतास. बारा दिवस झाले.

मुंबईच्या विमानतळावर वीस किलोच्या वर न्हेऊ देत न्हाईत. ज्वारीचं पीठ, डिंक, खारीक, मेतकूट, बिनलसणाची चटणी, सगळं मिळून चोवीस भरलं. काट्यावरच्या पोरीनं चार किलोचे जे पैसे सांगितले त्यात एक रेडकू आलं असतं. मी बाजूला झाले. तुझ्या बाबांच्या जुन्या कोटाला आपल्या शेजारच्या बनाबाईनं आतनं सहा खिसे शिवून दिलेलेच हुते. त्यात पिठाच्या पिशव्या कोंबल्या, कोट चढवला आणि परत काट्यापुढं उभी राहिले. अंगावरचं वजन कोण करत न्हाय. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. सोडलं तिनं.

वाटेत वाळवंटातल्या एका विमानतळावर नऊ तास बसवलं. लोक पाण्याच्या बाटलीलासुद्धा पैसे मोजत हुते. मी नळाचं पाणी वस्त्रानं गाळून प्याले, दिवस मावळायच्या आत दशमी खाल्ली आणि पिशवीवर डोकं ठेवून झोपले. लंडनला उतरल्यावर सगळी आगगाडीकडं पळाली. हंबीररावांनी सांगितलं हुतं की बस चौथ्या हिश्शात जाते, तशी मी बसनं आले. आदिती स्टँडवर उभी हुती. पोट केवढं दिसतंय. गळ्यात पडून रडली ती पंधरा मिनिटं. ओवेन भला माणूस हाय. माझा कोट हातात घेतला आणि पडता पडता वाचला.

नातवंड हुईस्तोवर लेकीच्या घरचं खायचं न्हाय, म्हणून माझी भाकरी माझ्या पिठाची. तीन वेळा आदिती चिडली, चौथ्या वेळी तीच शेजारी बसून मेतकूट-भाकरी खायला लागली. आणि माझ्या जेवणाची काळजी करू नको. इथं सूर्य आत्ताच साडेसातला मावळतोय, जूनमध्ये साडेनऊला. आपल्याला सूर्य बघायला सांगितलंय, घड्याळ न्हाय.

लाडू बांधले. तुझ्या बहिणीनं एक फोडला, आत बघितलं आणि आण्णाचे काजू कुठं, म्हणून विचारलं. यंदा ढगाळ हवेनं आजऱ्याचा मोहोर जळाला, असं सांगितलं मी. तुझ्यापायी खोटं बोलले. त्याचं प्रायश्चित्त तू घे.

तुझ्यावर रागावलेली, पण तुला विसरली नसलेली,
आई


आजरा,
ता. १४ एप्रिल १९९८

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, पण त्याच्या आधी बातमी मिळाली. तुला पोचवायला आलेल्या हंबीररावांनी कोटाची कथा साऱ्या कोल्हापुरात सांगितली आहे. परवा बँकेत साहेबांनी मला विचारलं की आईंच्या कोटाचा शिंपी कोण. मी काय उत्तर द्यायचं?

आई, आपण भिकारी नाही. चाळीस माणसं माझ्या कारखान्यात कामाला आहेत आणि माझी आई परदेशात पिठाची पिशवी अंगाला बांधून फिरते. मी दहा हजार रुपये पाठवायची व्यवस्था करतो. चारचौघांसारखी रहा, हिंड, चहा पी. अट एकच. बाळंतपण झालं की तू एकटी परत यायचंस. ते पैसे तिच्या तिकिटाला लागता कामा नयेत.

मोहोर जळाला हे सांगायची गरज नव्हती. खरं सांगायचंस.

थंडी कितपत आहे? पायात मोजे घालतेस ना? हे विचारलं म्हणजे मी माघार घेतली असं समजू नये.

आपला आज्ञाधारक असा शेवट लिहिण्याची सोय तू ठेवली नाहीस.
अभिनंदन


कार्डिफ,
ता. ९ मे १९९८

चि. अभिनंदन यास अ. उ. आ.

तू मामा झालास. एकवीस एप्रिलला पहाटे आदितीला मुलगी झाली. दोघी खुशाल. पोरीचं कपाळ तुझं हाय, रुंद, आणि हट्टही तुझाच. नाव अजून ठेवलेलं न्हाय. पाळणा बावड्याच्या घरात बांधायचा, नाव तिथंच.

दहा हजार पाठवू नको. पाठवलेस तर परत पाठवीन, आणि पाठवणावळ तुझ्या नावावर लावीन. अट घालून दिलेला पैसा घ्यायला मी तुझ्या कारखान्यात कामाला न्हाय. भिकारी कोण, ते तूच बघ. माझ्याजवळ चटणी-भाकरी हाय. तुझ्याजवळ पोत्यांनी काजू हाईत आणि बहिणीला द्यायला पाच किलो निघत न्हाईत.

इथला बाजार शनिवारी दुपारी चारला उठतो. बाजार सगळीकडं उठतो तसाच उठतो. आपल्या लक्ष्मीपुरीत बाई शेवटचा वाटा जशी गळ्यात घालते, तसाच इथला गोरा बाप्या कोबी गळ्यात घालतो. पहिल्या शनिवारी बोटं दाखवून भाव केला, आता तो मला बघितल्यावर आपणहून दोन गड्डे बाजूला ठेवतो. मला लव्ह म्हणाला. मी दचकले. आदिती हसून हसून वाकडी झाली, म्हणाली इथं सगळ्यांनाच म्हणतात.

गावात बसनं जात न्हाय, चालत जाते. कार्डिफचा किल्ला बघायला पाच पौंड मागतात. पन्हाळा बघितलेल्या बाईनं किल्ल्याला पैसे द्यायचे म्हंजे काय? भिंतीच्या बाहेरनं पुरती प्रदक्षिणा घातली, फुकट.

ओवेन म्हणतो, तिकीट मी काढतो. त्याला आदितीकडनं समजावून सांगितलं की बाबा, तू जावई हाईस, तुझ्या पैशानं आणली तर माझी लेक माझ्याच घरात पाव्हणी हुईल. त्याला ते पटलं. तुला पटत न्हाय. खरी अडचण आदितीचीच हाय. ती म्हणते, आण्णानं बोलावल्याशिवाय उंबरा चढणार न्हाय. दोघंही एकाच बापाची. मी म्हणाले, मुराळी दारात आलाय, आता नको म्हणायचं न्हाय.

मोजे घालते. विचारलंस, बरं वाटलं.
आई


कार्डिफ,
ता. ५ जुलै १९९८

आण्णा,
सा. न. वि. वि. तू वाचशील की नाही माहीत नाही, तरी लिहिते.

तू आईला काय काय लिहिलंस ते मी वाचलेलं नाही. ती पत्रं उशीखाली ठेवते. पण मेच्या सुरुवातीलाच तिचा चष्मा फुटला हे तिनं तुला नक्कीच कळवलं नसणार. पायरीवर पडला, एक काच उभी तडकली, काडी निसटली. दुकानात सत्तर पौंड सांगितले. मी देते म्हटलं, ओवेन देतो म्हणाला, तर लेकीच्या घरचं एवढं मोठं घेत न्हाय म्हणाली. स्वतःच्या पिशवीतले काढले असते तर आमचं तिकीट झालं नसतं. तिनं काडीला दोरा गुंडाळला आणि तडकलेल्या काचेतून दोन महिने बाळाला न्हाऊ घातलं, बाजार केला, तुला पत्र लिहिलं. भिंगातनं अक्षरं दोन-दोन दिसतात, म्हंजे पत्र लांबलचक वाटतं, असं वर मलाच सांगते.

मी येणार नाही म्हणून हटून बसले होते. गेल्या सोमवारी ती मला तिकिटाच्या दुकानात घेऊन गेली, कमरेची पिशवी सोडली आणि पाचशे पौंड टेबलावर ठेवले. सहाशेपैकी तिच्याजवळ आता सहा उरलेत. दुकानातली बाई नोटा मोजत होती आणि आई दोरा बांधलेल्या चष्म्यातून तिच्या बोटांवर नजर ठेवून होती. मला नाही म्हणता आलं नाही.

आम्ही तिघी १४ ऑगस्टला सकाळी मुंबईला उतरतो. मी माफी मागायला येत नाही, आण्णा. लग्न केलं त्यात माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. माझा मुराळी आलाय म्हणून येते. तू दारात आडवा उभा राहिलास तर मी बाळाला घेऊन पायरीवर बसेन, आणि आई माझ्या शेजारी बसेल. मग गावाला काय सांगायचं ते तू ठरव.

आजऱ्याचा मोहोर जळाला असं कळलं, वाईट वाटलं. पुढच्या वर्षी चांगलं पीक येवो.

लहानपणीचा लोभ शिल्लक असेल तेवढा धरून,
आदिती


आजरा,
ता. १८ जुलै १९९८

ती. आईस सा. न. वि. वि.

आदितीचं पत्र आलं. उत्तर तुला लिहितोय, कारण तिला काय लिहायचं ते चार दिवस सुचलं नाही.

मी माझा शब्द मागं घेतलेला नाही. लग्न मला न विचारता झालं, याचा राग आहे तो आहे. तो तिच्यासमोर मी बोलून दाखवणार आहे आणि तिनंही काय ते तोंडावर बोलावं. पण भांडण घरात बसून करायचं असतं, पायरीवर नाही.

आता हिशेबाचं. लेक आणायचा खर्च माहेराचा असतो, हे मान्य. कार्डिफ ते मुंबई तू केलास. मुंबई ते बावडा मी करणार. जीप, डिझेल, वाटेतलं खाणं, सगळं माझं, आणि साताऱ्याच्या अलीकडं दिवस मावळायच्या आत जेवायला थांबायचं. ह्यात तू तुझ्या सहा पौंडांतला एक जरी काढलास तर मी जीप तिथंच उभी करीन. तो कोट अंगात घालून उतरू नये ही विनंती. घातलास तर मी काही करू शकत नाही, हे मला आता कळलंय.

चष्म्याचा जुना नंबर बाबांच्या कपाटात सापडला. कोल्हापुरात दोन चष्मे करायला टाकलेत. दोन अशासाठी की एक फुटला तरी तू दोरा शोधू नयेस. बनाबाईनं पाळणा उतरवून धुतला आहे. गुंडूनं कड्यांना तेल दिलं. जावई का येत नाहीत, हे कुणी कळवलं नाही.

पाच किलो काजू जीपमध्ये असतील. आदितीला तू काही सांगू नकोस. यंदा आजऱ्याला मोहोर चांगला धरला होता आणि काजू मीच दिले नव्हते, हे मी तिला विमानतळावरच सांगणार आहे.

तुझा उशिरा निघालेला मुराळी,
अभिनंदन