नवसाचं डुक्कर

शिनपू,
५ जुलै १९८९

चि. जुइ-यिंग हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परीक्षा संपल्याचं तुझ्या बाबाने फोनवर कळवलं. पेपर कसे गेले ते त्याने सांगितलं नाही. तुझी आई केंद्राबाहेर तीन दिवस छत्री, पंखा आणि थंड चहाची किटली घेऊन कशी बसली होती, हे मात्र सविस्तर सांगितलं. परीक्षा नक्की कोणाची होती ते त्यावरून कळलं.

इकडील क्षेम. म्हणजे डुकराचं क्षेम आहे. बाकीच्यांचं कोणी विचारत नाही. यीमिन देवळाच्या जत्रेचा मान यंदा आपल्या गावाचा. पंधरा गावांत फिरून तो पंधरा वर्षांनी दाराशी येतो. मागच्या खेपेला तू तीन वर्षांची होतीस आणि देवाला वाहायच्या डुकरांच्या वजनाच्या स्पर्धेत आपलं डुक्कर शेजारच्या लिऊंच्या डुकरापेक्षा थोडक्यात हलकं भरलं होतं. तेव्हापासून आजोबा लिऊंशी हवापाण्यापलीकडे बोललेले नाहीत, आणि हवा-पाणीही त्यांना लिऊंचं कधी पटत नाही.

यंदाचं डुक्कर साडेपाचशे किलोच्या घरात गेलंय. त्याला मच्छरदाणी आहे, दुपारी रेडिओ आहे, आणि माझ्या खोलीतला पंखा मे महिन्यापासून त्याच्याकडे वस्तीला गेलाय. मला ताप आला तेव्हा आजोबांनी आल्याचा काढा घे म्हणून सांगितलं. त्याला आला तेव्हा बाजारातून बर्फ आणला. दिवसातून चार वेळा मी त्याला लापशीचे गोळे हाताने भरवते. तोंड उघडायचा त्याला हल्ली कंटाळा येतो.

एक आठवण करून देते. ते पिल्लू आणलं त्या दिवशी आजोबांनी देवापुढे उदबत्त्या धरून, माझ्यादेखत नवस बोलला होता: माझी नात डॉक्टर झाली, तर हे डुक्कर तुमचं. नातही पास होईल आणि लिऊही खाली बसेल. आपण हक्का माणसं एका डुकरात दोन कामं उरकतो.

तेव्हा निकाल लागला की कळव. डुक्कर वाट पाहतंय असं म्हणवत नाही, पण आजोबा पाहतायत. लोभ आहे तो वाढू दे, मात्र डुकरासारखा नको.

तुझी आत्या,
चिन-मेइ


ताइपेइ,
१४ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पेपर बरे गेले. डॉक्टरकीला पुरतील इतके बरे नव्हेत. दंतवैद्यकाला बहुधा पुरतील. आईने हे गणित माझ्याआधी केलं. मामाच्या दवाखान्यात दातांची दुसरी खुर्ची येऊन पडलीय, वरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. आईच्या मनाने मी त्या खुर्चीशेजारी चार वर्षांपासून उभी आहे.

मला गुरांची डॉक्टर व्हायचंय. हे घरात बोलले तेव्हा बाबा म्हणाला, विचार करू. आई म्हणाली, शेणाचा वास येणाऱ्या मुलीला कोण करून घेईल. तिचंही खोटं नाही. आमच्या वर्गात सगळे म्हणतात की त्या कॉलेजात जाणारी मुलं डॉक्टरकी हुकल्यामुळे जातात. मुद्दाम जाणारी मी बहुधा पहिलीच, त्यामुळे माझं काय करावं हे त्यांनाही कळणार नाही.

जायचं तर दोन ठिकाणं आहेत. ताइपेइचं कॉलेज घराजवळ. कुत्री-मांजरं, आणि रोज आईचा डबा. ताइचुंगला वसतिगृह आहे, आणि गायी-डुकरं. मला ताइचुंग हवंय.

का, ते तुलाच सांगते. नववर्षाच्या सुट्टीत तुझ्याबरोबर डुकराला भरवत होते, तेव्हा त्याच्या कानामागे हात ठेवला. कान गरम होता. ते घास गिळेना, थुंकेना, नुसतं डोळे मिटून राहिलं. मला वाटलं, याला काय होतंय हे कोणीतरी विचारायला पाहिजे, आणि विचारायचं तर आधी शिकायला पाहिजे. इतकंच आहे. हे कारण आईला सांगण्यासारखं नाही, म्हणून तिला मी सरकारी नोकरीचं सांगते.

तुझ्याकडे दोन कामं. एक, आजोबांच्या नवसात गुरांची डॉक्टर बसते का, ते आडून विचार. दोन, डुक्कर अजून आपलं आपण उभं राहतं का?

आशीर्वाद असू देत; पंख्याचं वाईट वाटलं.

तुझी,
जुइ-यिंग


शिनपू,
२२ जुलै

चि. जुइ-यिंग हिस अनेक आशीर्वाद.

आडून विचारलेलं आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून सरळच विचारलं. ते बराच वेळ बांबू तासत बसले. मग म्हणाले, हे ठरवणारा मी कोण, कौल लावू. देवळात गेलो. त्यांनी लाकडी कौल टाकला आणि गुरांची डॉक्टर ही डॉक्टर धरायची का, असं देवाला विचारलं. दोन्ही तुकडे उताणे पडले. म्हणजे हो-नाही न सांगता देव हसला. पुन्हा टाकला, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच. आजोबा म्हणाले, हसण्यासारखं काय आहे यात? रांगेत आमच्यामागे लिऊ होते. तेही देवाच्याच मताचे निघाले. संध्याकाळपर्यंत सगळं गाव देवाच्या मताचं झालं होतं.

तुझ्या आईचाही फोन येऊन गेला. मुलीला समजावा, असं तिने आजोबांना सांगितलं. आजोबा हो म्हणाले. गेली चाळीस वर्षं ते सगळ्यांना हो म्हणतात आणि बांबू तासायला बसतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. गेल्या पौर्णिमेपासून ते उभं राहिलेलं नाही. खूर वाढून पुढे वळलेत, एका कुशीवर जखम झालीय. डुकरांचे डॉक्टर चुंग येऊन पाहून गेले. खाणं अर्धं करा म्हणाले. आजोबांनी त्यांना चहा पाजला, फाटकापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन लापशीत आणखी दोन अंडी फोडली. जत्रेला महिना उरला असताना खाणं तोडा म्हणणारा माणूस लिऊंनी पाठवला असणार, असं त्यांचं म्हणणं.

माझं मत तू विचारलं नाहीस, म्हणून देते. मला आयुष्यात कोणी पसंतीक्रम विचारला नाही. नवऱ्याच्या बाबतीतही नाही, म्हणून तो झालाच नाही. तुला विचारतायत, तर पेन्सिल दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस. पुढे त्या खुर्चीत दुसऱ्यांचे दात उपटताना स्वतःचे खात बसशील.

सोबत वाळवलेला मुळा पाठवतेय. आईलाही दे, रागावलेल्या माणसाला खारट बरं लागतं.

ममता होती तेवढी आहेच.

आत्या


ताइपेइ,
३० जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

गुण आले. दंतवैद्यक मिळेल इतके आहेत, म्हणजे अडचण आहेच. कमी पडले असते तर कोणाला काही ठरवावं लागलं नसतं.

काल अर्ज दिला. पहिलं ताइचुंग, दुसरं ताइपेइ, तिसरं दंतवैद्यक. द्यायला जाण्याआधी आईला दाखवला. तिने वाचून परत दिला आणि भांडी घासायला गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. एकाच टेबलावर बसतो, पण ती बाबाला म्हणते, तिला विचारा सूप हवंय का. बाबा मला विचारतो. मी हो म्हणते. तो तिला सांगतो. पुढच्या महिन्यात मी गेले की बाबा बेकार होईल.

मुळा संपला. आईनेच संपवला.

त्याला पाणी किती जातं? सकाळी कान गार असतात का? जखमेचा रंग कसा आहे? चुंगना पुन्हा बोलाव, आजोबा देवळात जातील ती वेळ साधून.

तुझी,
जुइ-यिंग


शिनपू,
१० ऑगस्ट

चि. जुइ-यिंग हिस अनेक आशीर्वाद आणि अभिनंदन.

तुझं नाव ताइचुंगच्या यादीत असल्याचं बाबाने कळवलं. आजोबांनी फटाक्यांची माळ आणून ठेवली होतीच. ती हातात घेऊन अंगणात उभे राहिले आणि मला विचारलं, लावायची का? मी म्हटलं, माळ दमट होईल. तेव्हा लावली. आवाज ऐकून लिऊ कुंपणाशी आले आणि आता आमच्या डुकरिणींना सुया टोचायला घरचाच माणूस झाला म्हणाले. आजोबा म्हणाले, रांगेत यावं लागेल.

पण रात्री जेवले नाहीत. डुक्कर दोन दिवस डोकंही उचलत नाही. अंग तापलंय, खातही नाही. चुंग म्हणतात, असंच राहिलं तर जत्रा गाठणार नाही. आजोबांनी पुढचा मजकूर सांगितलाय, तसाच उतरवते:

"जुइ-यिंग, देवाने डॉक्टर दिली ती हसत दिली, पण दिली. आता नवस मला फेडला पाहिजे. मेलेलं डुक्कर देव घेत नाही. जत्रेपर्यंत, आपल्या चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्याच्या विसाव्या दिवसापर्यंत, ते उभं राहिलं पाहिजे. तू ये. कॉलेज नंतर."

मी त्यांना म्हटलं की पोरीने अजून कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नाही. ते म्हणाले, फाटक पाहून कोणी डॉक्टर होत नाही. आणि लक्षात घे, कापायला नेता यावं म्हणून बरं करायचंय. कॉलेजात पाच वर्षं घालवून शेवटी हेच शिकवणार असतील, तर पहिला धडा घरचा.

ये किंवा नको, दोन्हीला माझी हरकत नाही. आलीस तर जुने कपडे आण.

आत्या


ताइपेइ,
१९ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

न सांगता तिकडून पहाटेच्या बसने निघाले, रागावू नकोस. चिठ्ठीत लिहिलं तशी कॉलेजच्या वैद्यकीय तपासणीची तारीख आहे हे खरं, पण ती तेविसाला आहे.

तुझ्याशी समोरासमोर बोलता आलं नाही ते लिहिते. चुंग दाखवत होते तसं मी करत होते. खूर कापले, जखम धुतली, कूस बदलली. लापशी बंद, रताळ्याचे वेल आणि पाणी. यात विद्या काही नव्हती. इतर सगळे त्याला जे देत होते ते देणं थांबवलं, एवढीच. आजोबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वजन राहील किंवा पाय राहतील, दोन्ही राहणार नाहीत. त्यांनी तासलेले बांबू आणून दिले. ज्या दिवशी पोटाखाली झोळी घालून उचललं, त्या दिवशी एका टोकाला ते स्वतः होते. लिऊंचा मुलगा दुसऱ्या टोकाला होता, हे त्यांना दिसलं नाही असं आपण धरून चालू.

ते उभं राहिलं तेव्हा तू रडलीस. मी नाही रडले, कारण ते कशासाठी उभं राहतंय ते मला दिसत होतं. मी ते केलं आणि नीट केलं, आणि पुन्हा सांगितलं तर पुन्हा करीन. पण जत्रेच्या दिवशी त्याला कापून देवापुढच्या चौकटीवर ताणलेलं पाहायला थांबायची माझी तयारी नव्हती. नवसात माझं नाव आहे, आणि ते मागे घ्या म्हणायचं धाडस मला आजोबांसमोर झालं नाही. एवढं मांस नातेवाइकांत वाटाल, तेव्हा माझा वाटा पाठवू नकोस.

घरी आले तर दाराशी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट होते. नवे. आई स्वयंपाकघरातून बाबाला म्हणाली, तिला सांगा, मापाचे नसतील तर बदलून मिळतात. मापाचे नाहीत. मी बदलणार नाही.

आजोबांना नमस्कार. तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, फक्त आता लिहवत नाही.

जुइ-यिंग


शिनपू,
२४ ऑगस्ट

चि. जुइ-यिंग हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मिळालं, म्हणून हे उशिराने.

जत्रेआधी वजनाच्या दिवशी गावातली माणसं पहाटेच गाडी, काटा आणि चौकट घेऊन आली. आजोबा नवा सदरा घालून खोपटाच्या दाराशी उभे होते. दार उघडलं. डुक्कर उठलं, आपलं आपण, कोणी हात न लावता. दमानं चालत अंगणात आलं, आजोबांच्या सदऱ्याला नाक पुसलं, आणि माझ्या कांद्याच्या वाफ्यात शिरलं. माणसं म्हणाली, म्हातारबा, हे तर वाळलं. आजोबा त्याच्याकडे पाहत राहिले. दोन वर्षं रोज त्याच्याजवळ बसणारा माणूस, पण चालताना त्याला बहुधा पिल्लू असतानाच पाहिलं असेल. मग म्हणाले:

"कापता कशाला? डॉक्टर कुठे झालीये ती अजून?"

कोणाला कळेना. आजोबांनी समजावून सांगितलं. नवस होता डॉक्टर झाली तर, कॉलेजात गेली तर नव्हे. अजून पाच वर्षं आहेत. काम होण्याआधी देवाला दिलं तर ते आगाऊ दिल्यासारखं होतं. आणि सुताराला आणि देवाला आगाऊ द्यायचं नसतं, मग ते येत नाहीत. एक जण म्हणाला, मग स्पर्धेपुरतं तरी चढवा काट्यावर. आजोबा म्हणाले, देवाच्या नावाने बोललेली वस्तू मी माझ्या हौसेसाठी कशी वापरू? गाडी रिकामी गेली. मी मध्ये बोलले नाही. वाफा गेला तरी बोलले नाही.

पहिला नंबर लिऊंचा आला. आजोबा अभिनंदनाची लाल फीत घेऊन त्यांच्या दारी गेले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. परत आले ते म्हणाले, लिऊ विचारतोय, नववर्षाला नात येईल तेव्हा त्याची लंगडी डुकरीण पाहील का. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? म्हणाले, रांगेत ये म्हटलं.

गावचा मान पुन्हा येईल तेव्हा आजोबा त्र्याण्णव वर्षांचे असतील. हे त्यांनी मोजलंय. मला माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी एक अख्खा बांबू त्यांनी तासून तासून संपवला.

तेव्हा सध्या परिस्थिती अशी आहे. डुक्कर देवाचंही नाही, खाटकाचंही नाही, आणि खातंय माझं. पंखा अजून त्याच्याकडेच आहे.

आईला सांग, बुटात जुनी वर्तमानपत्रं घातली की कोणतंही माप होतं. कॉलेजात गेल्यावर लिही. मन लावून शीक, पण ऊर फुटेस्तोवर नको.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेवतेय. या घरात यापुढे काहीच जबरदस्तीने वाढवायचं नाही असं ठरलंय.

तुझी आत्या,
चिन-मेइ

ता. क. आजोबा विचारतायत, तो पाच वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत करता येतो का.