पहिल्या फेरीत नाही म्हणायचं नाही

प्रिय सारजा,

रीतीप्रमाणे 'चि. सौ.' लिहायला हवं होतं, हात वळला नाही. इकडे सगळे खुशाल. वांग्याला फुलं धरली आहेत, आणि आपली धाकटी रतन सातवीला तालुक्यात दुसरी आली. पोस्टमनने पेढा मागून खाल्ला.

इंदापूरचं शिबिर तुला आठवत असेल. विकास योजनेवाल्यांनी पणदऱ्यातून मला निवडलं म्हणून मी नवा फेटा घेतला, तर तू केवढी हसली होतीस. पाच दिवस आम्हा शेतकऱ्यांना गोल बसवून एकेक अडचण सोडवायला देत. नियम दोनच. आधीच्याने जे सुचवलं त्याला आपलं काहीतरी जोडायचं, आणि पहिल्या फेरीत कुणी नाही म्हणायचं नाही. हरकती दुसऱ्या फेरीत. चावडीपुढच्या चिखलाला एकाने चर सुचवला, दुसऱ्याने चराच्या तोंडाशी केळी, तिसऱ्याने केळीची राखण शाळेकडे दिली. मी भारावूनच गेलो. घरी तुझा रावजीकाका हसला, तर गाढवाला गुळाची चव काय, असं मीच त्याला सुनावलं.

मग तुझा प्रश्न तसाच मांडला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून तुला बोलावणं आलं होतं. मास्तरीण व्हायचं तुझं किती मनात होतं, मला का ठाऊक नव्हतं? वाटलं, दहा डोकी बसली की वाट निघेल. ओसरीवर गोल बसलो. रावजीने सुरुवात केली, "काटेवाडीचं स्थळ बरं हाय." नियम म्हणजे नियम. तुझ्या आजीने त्याला वैशाख जोडला, आईने लुगडी, ठमाकाकूने वाजंत्री. फेरी तुझ्यापर्यंत आली तेव्हा लग्न उभं राहिलं होतं. तू "न्हाय, अप्पा" एवढंच म्हणालीस आणि मी हात वर केला. पहिली फेरी आहे, म्हणालो. ते मीच म्हणालो, सारजा, दुसऱ्या कुणी नव्हे. तू माझ्याकडे बघितलंस आणि नियमाने जोडलंस, "मग माजी पुस्तकं रतनला द्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सकाळी रावजी नारळ घेऊन काटेवाडीला गेला. दुसरी फेरी झालीच नाही.

याला दोन वर्षं झाली. मोहनराव भला माणूस आहे, असं मी माझीच समजूत घालत असतो. मागच्या आठवड्यात आलो तेव्हा कसं चाललंय विचारलं, तर "बरं हाय" म्हणालीस आणि चुलीकडे वळलीस. पुढे काय विचारणार? चहा पिऊन परत आलो.

आता लिहायचं कारण. रतनलाही त्याच कॉलेजाचं बोलावणं आलंय. रावजीने सोमवारी सगळ्यांना ओसरीवर बोलावलंय. गोल बसू, अप्पाच्या शिबिरासारखं, असं हौसेने सांगत फिरतोय. त्याच्या मनात कुठलं स्थळ आहे, तेही मला ठाऊक आहे. मीच मोडता घालायला हवा. रोज सकाळी ठरवतो, आणि माझी आई समोर येऊन बसली की उठून वांग्यांना पाणी घालायला जातो. मला फार लाज वाटते, पोरी, पण माझ्याने एकट्याने होत नाही. रविवारी बैलगाडी घेऊन येतो. रतनच्या निकालाचं जेवण आहे, असं तुझ्या सासूबाईंना सांगीन, तेवढं खोटं मला जमेल. मागायला तोंड नाही, तरी तुझ्याकडेच मागतो. रतनच्या शेजारी बसून रावजीला नाही म्हणायला तू येशील का?

तुझाच,
अप्पा