केकचा शेवटचा तुकडा आणि सेंटर फील्ड

पाइनहॉलो, जॉर्जिया
३ जून १९५१

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरी मोजे पोचले. इथे लोक सावलीतही घाम पुसतात, तरी मोजे उशाशी ठेवलेत.

बेसबॉलमधे माझी बॅट बरी चालली आहे आणि पळण्यात संघात माझा हात कोणी धरत नाही. पण काल पुन्हा घोळ झाला. उंच उडालेला चेंडू मी आणि डावीकडचा ड्यूई यांच्या बरोबर मधे आला. अशा वेळी ज्याला झेल घ्यायचाय त्याने 'माझा' म्हणून ओरडायचं असतं, आणि मी सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध, असल्यामुळे पहिला हक्क माझा. मी ड्यूईला म्हटलं, की तू घे. तोही बिचारा थांबला. चेंडू आमच्या बुटांमधे पडला आणि दोन धावा गेल्या.

महिन्याभरातली ही तिसरी वेळ. आमचे मॅनेजर क्रचफील्ड म्हणाले, की पोरा, तुला इथे चर्चच्या जेवणाला बोलावलेलं नाही. आणखी एक चेंडू असा पडला तर मिनेसोटाचं तिकीट हातात ठेवतो. आई, तुमची आठवण येते, पण असं परत यायचं नाही मला. लहानपणापासून हेच एक करायचं होतं.

बाबांना नमस्कार. तुझा लोभ पुरून उरतो आहे, तो तसाच राहो.

तुझा,
सेल्मर

ओस्टर्डाल, मिनेसोटा
९ जून १९५१

चि. सेल्मरला आईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून मी त्या क्रचफील्डला चार खरमरीत ओळी लिहिल्या आणि मग फाडल्या. चूक त्याची नाही, माझी आहे. कॉफी विचारली तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा अर्धा कप चालेल म्हणायचं, हे तुला मीच शिकवलं. ताटातल्या शेवटच्या तुकड्याला हात लावायचा नाही, हेही मीच. गेल्या रविवारी चर्चच्या तळघरात सफरचंदाच्या केकचा शेवटचा तुकडा अकरा जणांनी चार वाजेपर्यंत एकमेकांकडे सरकवला आणि शेवटी तो कोंबड्यांना गेला. आपल्या घरीही सव्वीस वर्षं तेच चाललंय.

तर आता ऐक. मैदानाच्या कुंपणाच्या आत खुशाल 'माझा' म्हण. बाहेर पाऊल टाकलंस की पुन्हा माझा मुलगा हो. आणि ओरडायचा सराव कर, तुझा आवाज बाबांवर गेलाय.

बाबांना निरोप विचारला, तर बरं चाललंय म्हणून कळव म्हणाले आणि गोठ्यात गेले.

लोभ आहेच. जेवत जा.

तुझी आई

पाइनहॉलो
२४ जून १९५१

ती. आईस सा. न. वि. वि.

घरमालकिणीच्या परसात सराव केला. पहिल्यांदा तोंडून निघालं, की माझा, तुमची हरकत नसेल तर. एवढं बोलेपर्यंत चेंडू कधीच पडला असता.

काल शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, त्यांचा एकच गडी बाद व्हायचा राहिला होता, धावेच्या वाटेवरच्या दोन टप्प्यांवर, म्हणजे बेसवर, त्यांची माणसं, आणि चेंडू पुन्हा मी आणि ड्यूई यांच्या मधे. मग असा ओरडलो, की ड्यूई तर थांबलाच, तिसऱ्या बेसवरचा आमचा गडीही थांबला आणि शेंगदाणेवाल्याने टोपली खाली ठेवली. झेल घेतला. सामना जिंकलो.

नंतर मी ड्यूईची माफी मागितली. क्रचफील्डनी ती ऐकून कपाळाला हात लावला, पण मोसम संपेपर्यंत तू इथेच, असं म्हणाले.

तुझ्या मायेला आता ओरडून माझी म्हणतो.

तुझा,
सेल्मर

ओस्टर्डाल
२ जुलै १९५१

चि. सेल्मरला आशीर्वाद, वि. वि.

काल चर्चचे पास्टर आणि त्यांच्या पत्नी जेवायला होते. तुझं पत्र मी टेबलावरच मोठ्याने वाचलं. केकचा एक तुकडा उरला होता आणि नेहमीसारखा फिरत होता. पत्र संपलं तसे बाबा उभे राहिले, गाईंना हाक मारतात त्या आवाजात 'माझा' म्हणाले आणि तुकडा उचलून खाल्ला. पास्टरांच्या हातून काटा पडला.

भांडी पुसताना मी विचारलं, की हे काय खूळ. तर म्हणाले, हा केक त्यांना लग्नाआधीपासून फार आवडतो. सव्वीस वर्षं मी कोंबड्यांना घालत होते रे. हसता हसता मला रडूच आलं.

आज पुन्हा केक केला, सोमवार असून. अख्खा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो अर्धा कापला आणि माझ्याकडे सरकवला. मी एकदाही नको म्हटलं नाही.

लोभ वाढू दे.

तुझी आई