डोळ्यांखालचं मलम

१२ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. पार्सल मिळालं. इकडे आम्ही बरे आहोत, हिचे गुडघे तेवढे कुरकुरतात. नवे मालक आल्यापासून दुकानात चष्म्यांपेक्षा आरसेच जास्त झालेत. जिथे वळावं तिथे माझंच तोंड.

भावजींचा चष्मा मला का पाठवलास, ते चिठ्ठीत वाचलं. ‘माझ्याखेरीज त्यांच्यासाठी रडलेला तू एकटाच, म्हणून तुझ्याकडेच असू दे.’ चष्म्याची डबी न उघडताच कपाटात टाकली.

ताई, मी रडलो नव्हतो.

हसशील किंवा झोडपून काढशील, पण ऐक. नवे मालक एकदा म्हणाले, “काका, तुम्ही फ्रेम घालून दाखवली की गिऱ्हाईक तुमच्या डोळ्यांखालच्या पिशव्याच बघतं.” सगळे हसले, मीही हसलो. पण लागलं ते. नोकरी जाण्याची भीती होतीच, आणि खरं सांगायचं तर हौसही होती. मिशीला कलप लावणाऱ्यांना आयुष्यभर हसलेला मी, हिला न सांगता कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि डोळ्यांभोवती लेझर करून घेतलं. आधी बधिर करायचं मलम, मग डोळ्यांवर झाकणं, मग चटके आणि केस जळल्यासारखा वास. डॉक्टर म्हणाल्या, काही दिवस लाली आणि सूज राहील, मलम लावत राहा. घरी सांगितलं, डोळे आलेत.

दुसऱ्याच दिवशी भावजी गेल्याचा फोन आला.

तुझ्याकडे सगळे कोरडे बसले होते. भावजींनी ड्रायव्हिंग शिकवता शिकवता साऱ्या जगावर ओरडून घेतलं, त्यांच्यासाठी रडणार कोण? त्यांचे भाऊ तर गाडी कोणी न्यायची ते बोलत होते. आणि मी दारात उभा, लाल, सुजलेला, मलमाने चकाकणारा. तू माझा चेहरा ओंजळीत धरलास. म्हणालीस, “बघा, हा तरी रडला.” तुझ्या बोटांना मलम लागलं, ते तू रुमालाला पुसलंस. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली. आणि त्या वेळी मनात काय होतं, तर तुझ्या हाताने खपली निघू नये. याची लाज मला कुठे ठेवू ते कळत नाही.

काल चष्मा बाहेर काढला. मीच दिलेला, आमच्या दुकानातला. ‘तुझ्या दुकानाचा माल म्हणजे कचरा’ असं ते चारचौघांत म्हणाले होते, म्हणून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. चष्म्याची दांडी मोडलेली आहे. दुसरा घ्यायचा सोडून त्यांनी ती काळ्या दोऱ्याने बांधली आहे, एकेक वेढा नीट बसवून. तुला हे ठाऊक असेल. मला नव्हतं.

ते बघून मला काय झालं, ते लिहीत नाही. माझ्या डोळ्यांचं आता तू का खरं मानावंस?

रविवारी चष्मा घेऊन येतो. काचा पुसल्या आहेत, दोऱ्याला हात लावलेला नाही. आत घेतलं नाहीस, तर दारात ठेवून परत फिरेन.

त्या दिवशी न रडलेला,
तुझा धाकटा