पुलीची खांदशेकणी

१७ ऑगस्ट, रविवार
तारीख आधी घाल, पल्लवे. मागच्या पानावर विसरली होतीस. मी सांगणार, तू लिहिणार, अन् चार महिन्यांनी वाचून दाखवणारीही तूच. तवा मलेच विचारशील, आजी, हे कवाचं व्हय? डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधते, असली नात माझी मुनीम.

भावाले ही नुसतं 'अ.' लिहिते. अक्षय लिहाले बोटं दुखतात म्हणे.

अ.च्या लाल गाडीची पुली बदलायची आहे. इंजिनच्या दांड्याच्या टोकाले असते ते चाक. त्याच्यावरून बेल्ट फिरते अन् बेल्टवर बाकी सारं चालते. जुनीचं रबर फाटलं. दिवाळीनंतर गाडी शर्यतीत पळवायची, म्हणून कंपनीची नको, बाहेरची भारी पायजे. सकाळपासून ओसरीत वाद. अ.ले ॲल्युमिनियमची पायजे, हलकी, निळी, चकचकीत. सुधाकर म्हणे, "दिसाले नवरी हाय रे ते, पण आत रबर नाई. इंजिनची थरथर कोन पिईन? दांडा तुटला की मलेच बलावशील."
सुधाकर म्हंजे जाम गावचा मिस्त्री. दहा वर्षांपासून अ.च्या साऱ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेल्या. मी म्हटलं, याच्यासाठी पोरी पाहाले गेलो तवाही हा असाच रंगावर गेलता. सुधाकर हसून हसून खोकलला. रबरवाली ठरली. काळी, जड, घरात टिकणारी.

२१ ऑगस्ट, गुरुवार
पुली बसली. अंगणात गाडी उचलली, समोरचं चाक काढलं. सुधाकर हातोडा लावत नाई. पुलर लावून जुनी पुली हळूहळू ओढली, मागच्या सीलले जपत. सील म्हंजे रबरी कडं, इंजिनचं तेल अडवते. नवी चढवून मोजाच्या पान्यानं बोल्ट आवळला. पाना टक वाजला तवाच थांबला. अ. म्हणे, "आजी, आता साऱ्या इंजिनचा भार इच्या खांद्यावर."
दोघं चहाले आत गेले.
आज खांदशेकणी, बैलायचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचा दिवस. बैल विकून बारा वर्षं झाली, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी हात वळवळतात. लोणी घरात नव्हतं. वाटीत जवसाचं तेल घेतलं, हळद कालवली, चाकाच्या खळग्यातून हात घातला अन् त्या काळ्या पुलीचे खांदे चोळले. बेल्टलेही लावलं, तोही राबणाराच. मंग आवतन दिलं, उद्या जेवाले ये. पिवळं दिसलं तर हे दोघं हसतील, म्हणून पदरानं पुसून घेतलं.
कोनाले सांगजो नोको, पल्लवे.

२२ ऑगस्ट, पोळा
आज लिहिलं नाई तरी चालते. लिही.
सकाळी अ. गाडी घेऊन गेला, अर्ध्या तासात परत. बेल्ट किंचाळून राह्यलता, बॅटरीचा लाल दिवा लागलेला, स्टेअरिंग जड. सुधाकर पोळ्याच्या जेवणाले आलाच होता, हात धुवून ताटावर बसला होता. तसाच उठला. चाक काढलं. पुली तेलानं चोपडी, बेल्ट ओला, घसरत होता.
अ. म्हणे, "सील कापलं तुनं. घाई केली."
"घाई मी करतो?"
"मंग हे तेल काय आभाळातून पडलं?"
सुधाकरनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मंग दाराकडं पाह्यलं. दारात मी. नखं पिवळी. मी हात पदराखाली घेतला.
तो म्हणे, "असन माह्याच्यानं." पाने पेटीत भरले अन् निघून गेला. ताटात पाच पुरणपोळ्या तशाच. पुलीले मी जेवाले बोलावलं, अन् पुली बसवणारा उपाशी गेला.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन आली. दरसाल मी त्यायची थट्टा करते, तुहा बैल लंगडा, तुह्या बैलाले शिंग नाई. आज नुसता खाऊ दिला. एक पोट्टी म्हणे, आजी, तुले ताप हाय का?

२४ ऑगस्ट, रविवार
अ.नं फोनवर आपल्या गाडीवाल्या दोस्तायच्या ग्रुपात टाकलं: बेल्ट-पुलीचं काम जामच्या सुधाकरकडं देऊ नका. पल्लवीनं वाचून दाखवलं. दोन गाड्या त्याच्याकडं जाणार होत्या, त्या फिरल्या.
पल्लवी लिहिता लिहिता थांबली. म्हणे, "मी सांगू का दादाले?" म्हटलं, तुहं काम लिहायचं. वरून खेकसली मी तिच्यावर.
जन्मभर साऱ्या गावाची टिंगल केली. व्याह्याले सोडलं नाई, सरपंचाले सोडलं नाई. माझ्यावर हसायची पाळी आली तर जीभ टाळूले चिकटली. एवढंच कारण. दुसरं मोठं काई नाई, हेच लाजेचं.

२९ ऑगस्ट
नागपूरच्या गॅरेजात पुली खोलली. सील शाबूत. नुसती पुली धुतली, नवा बेल्ट टाकला, गाडी आता पाण्यासारखी पळते. अ. घरी आला तो थेट माझ्याकडं.
"आजी, सील चांगलं होतं. मंग तेल आलं कुठून? अन् सुधाकर कबूल काऊन झाला?"
म्हटलं, देवाले माहीत.
देवालेही गोवलं.
ग्रुपातलं त्यानं अजून काढलं नाई. सुधाकरले फोन लावून राह्यला, तो उचलत नाई म्हणे.

३१ ऑगस्ट, रविवार
दुपारी पल्लवीच्या फोनवरून लावाले सांगितलं. सुधाकरनं उचलला.
"बोला आजी."
म्हटलं, "तुले समजलं होतं ना?"
ट्रकायचे आवाज दूर गेले, तो बाजूले सरकला असन. मंग म्हणे, "माह्या मायच्या घरात रोज जवसाचं तेल असते, आजी."
"मंग बोलला काऊन नाई?"
"तुमी बोलान म्हणून थांबलो होतो."
मी फोन पल्लवीले देऊन टाकला.
संध्याकाळी अ. समोर जेवाले बसला. मी तोंड उघडलं. त्यानं वर पाह्यलं. म्हटलं, मीठ दे.
मीठ माझ्याच बाजूले होतं.

उद्या पुरण टाकजो, पल्लवे. डबा अ.च्याच हातात देजो, त्याच गाडीनं जामले पाठवजो. नाई म्हणन, तरी पाठवजो. मी गाडीत त्याच्या बाजूले बसीन म्हणते. बसल्यावर तरी... पाहू.
पाच पुरणपोळ्या, ताटात राह्यल्या होत्या तेवढ्याच. तूप वेगळ्या डबीत. अन् जवसाची चटणी, वरून कच्चं तेल सोडून. झाकण सैल ठेवजो, जामपर्यंत गाडीत अ.च्या नाकाले वास आला पायजे. तेल कमी नोको टाकू.